सॉफ्टवेअरवाल्यांना गेम डेव्हलपमेंटची ओळख करून देताना: एक चौकोन पुरतो

बँकेचं, विम्याचं किंवा ई-कॉमर्सचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींसमोर गेम डेव्हलपमेंटवर बोलायचं असेल, तर तयारीला बसताना आधी काय गाळायचं ते ठरवा. शेडर, थ्रीडी मॉडेलिंग, मल्टिप्लेअर, इंजिनांची तुलना, इंडस्ट्रीची उलाढाल, सगळं बाजूला ठेवा. समोरच्यांना लूप येतो, क्लास येतो, गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) येतं. सरत्या वेळेचा हिशेब कोडमध्येच ठेवायची सवय मात्र त्यांना नसते. पुण्यात मी अशी सत्रं घेतो तेव्हा पाऊण तास या एकाच गोष्टीला देतो, आणि पडद्यावर एक चौकोन असतो.

सुरुवात त्यांच्या रोजच्या कामापासून करा. सर्व्हर रिक्वेस्टची वाट बघतो, आली की उत्तर देतो, परत वाट बघत बसतो. गेम कुणासाठी थांबत नाही. खेळाडूने कीबोर्डला हात लावला नाही तरी इनपुट तपासायचं, जग थोडं पुढे सरकवायचं, चित्र काढायचं, हा फेरा चालूच राहतो. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक चित्रं, हव्या असतील तर एका फेऱ्याला 16.67 मिलिसेकंद मिळतात. हा आकडा फळ्यावर मोठा लिहा आणि शेवटपर्यंत पुसू नका. एपीआयने 200 मिलिसेकंदांत उत्तर दिलं की खूश होणाऱ्याला, तेवढ्यात 12 फ्रेम होऊन गेल्या हे समजलं की तो सावरून बसतो.

आता चौकोन. मी गोडो इंजिन वापरतो, कारण ते मुक्त स्रोत आहे, झिप उघडली की चालतं आणि खातं काढावं लागत नाही. पहिल्या टप्प्यात चौकोन दर फ्रेमला 5 पिक्सेल उजवीकडे सरकवा आणि फ्रेमची मर्यादा बदलायला तीन बटणं ठेवा: 30, 60, 144. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाला बांधून ठेवणारी सोय) आठवणीने बंद करा, नाहीतर 60 हर्ट्झच्या प्रोजेक्टरवर 144 चं बटण दाबून काहीच होणार नाही. 30 वर चौकोन सेकंदाला 150 पिक्सेल जातो, 60 वर 300, 144 वर 720. कोडची ओळ तीच. इथे गप्प राहा. उपाय सभागृहातून येऊ द्या. कुणीतरी म्हणतंच, ‘मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्याने गुणा.’ मग ती ओळ त्यांच्यासमोर टाइप करा: जागा = जागा + 300 × डेल्टा. डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, सेकंदांत. परत तिन्ही बटणं दाबून दाखवा.

इथे 1978 च्या स्पेस इनव्हेडर्सची आठवण सांगण्यासारखी आहे. तोमोहिरो निशिकाडो यांच्या या गेममध्ये शत्रू कमी होत गेले की उरलेले जोरात धावतात. पडद्यावर थोडेच शत्रू रेखाटायचे असल्यामुळे हार्डवेअरचं काम भराभर उरकायचं, त्यातून तो वेग आला, आणि निशिकाडोंनी तो तसाच ठेवला. खेळाची रंगत त्यातच आहे. इतिहास एवढाच सांगा.

डेल्टाने सगळं सुटलं असं वाटायला लागलं की एक गोळी सोडा: वेग सेकंदाला 3000 पिक्सेल, समोर 20 पिक्सेल जाडीची भिंत. 60 फ्रेमला गोळी एका उडीत 50 पिक्सेल जाते. या फ्रेमला भिंतीच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे. मध्ये ती कधी नव्हतीच, मग टक्कर कशी होणार? जुन्या आणि नव्या जागेमधली रेघ तपासायची, हे त्यांना लगेच पटतं. त्याच ओघात सांगून टाका की गोडोत फिजिक्सचा हिशेब वेगळ्या, ठरलेल्या ठोक्यावर चालतो, सेकंदाला 60 वेळा, चित्र कितीही वेळा निघो. जावावाले असतील तर गार्बेज कलेक्शनचं (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करण्याचं) एक वाक्य पुरे: मधेच 20 मिलिसेकंदांचा खंड पडला की एक फ्रेम गेली, म्हणून गोळ्या पुन्हा पुन्हा तयार न करता त्याच वापरतात, कनेक्शन पूलमध्ये डेटाबेसची जोडणी पुन्हा पुन्हा वापरतात तशा.

आता ज्या भागासाठी मी हे सगळं करतो तो. चौकोनाला उडी मारता येईल असं करा, दोन फळ्या ठेवा, मध्ये खड्डा. प्रेक्षकांतल्या कुणाला तरी पुढे बोलवा आणि खेळू द्या. कडेवरून उडी मारताना ते बहुतेक क्षणभर उशिरा बटण दाबतात आणि पडतात. ‘अहो, मी दाबलं होतं!’ असं म्हणतात. मग काही न सांगता दुसरा टप्पा लावा आणि परत खेळायला द्या. आता ते पार जातात. काय बदललं विचारा. कीबोर्डपासून गुरुत्वाकर्षणापर्यंत सगळे अंदाज येतात. मग ओळ दाखवा: पाय फळीवरून सुटल्यावरही 0.1 सेकंद, म्हणजे 6 फ्रेम, उडी चालते. याला कोयोटी टाइम म्हणतात.

इथे घाई करू नका. पहिला कोड स्पेसिफिकेशनप्रमाणे बिनचूक होता: पाय जमिनीवर नाहीत, उडी नाही. टेस्टही हिरव्या झाल्या असत्या. तरी खेळणाऱ्याला गेम अन्यायी वाटला, आणि त्याचं वाटणं हाच तिथे निकाल असतो. 6 च्या जागी 20 फ्रेम टाकून दाखवा. चौकोन हवेतून उडतो आणि सगळे ‘नाही, नाही’ म्हणतात. योग्य आकडा कागदावर निघत नाही, खेळून, खेळायला देऊन ठरवावा लागतो. अनुभवी डेव्हलपरच्या चेहऱ्यावर हे उमटताना बघणं मला फार आवडतं.

तयारीचं बाकी थोडक्यात. प्रत्येक टप्पा गिटमध्ये टॅग करून ठेवा, म्हणजे टाइप करताना अडलात तर पुढच्या टॅगवर जाता येतं. काळी थीम प्रोजेक्टरवर दिसत नाही. उजळ थीम लावा आणि अक्षर शेवटच्या रांगेतून वाचून बघा. एचडीएमआय जोडली की आवाज बऱ्याचदा प्रोजेक्टरकडे जातो, तेव्हा उडीचा आवाज ऐकवायचा असेल तर स्पीकर न्या. पुढे येणाऱ्यासाठी वेगळा वायर्ड कीबोर्ड ठेवा, स्वतःचा लॅपटॉप हातात देऊ नका.

‘कुठलं इंजिन शिकू?’ हा प्रश्न येणारच. सी-शार्प येत असेल तर युनिटी, सी प्लस प्लस येत असेल तर अनरियल, नुसतं करून बघायचं असेल तर गोडो, एवढं सांगून पुढे जा. उरलेली दहा मिनिटं प्रोजेक्ट सगळ्यांना वाटा आणि तिथेच बसून दुहेरी उडी घालायला लावा.