कोर्ट ओलं असेल तेव्हा टेनेसीची गोष्ट कशी सांगावी

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या कॉलेजचं काँक्रीटचं कोर्ट दुपारपासून ओलं असतं. मुली तरी पावणेपाचला हजर होतात, कारण गावाकडची एसटी साडेसहाची. ते पावणेदोन तास वाया जाऊ नयेत म्हणून मी त्यांना सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसवून अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा, म्हणजे लेडी व्हॉल्सचा, इतिहास सांगते. तुमच्याकडेही उघडंच कोर्ट असेल तर करून बघा. चार-पाच संध्याकाळी पुरतात.

राष्ट्रीय विजेतेपदांपासून सुरुवात करू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. फळ्यावर सालं लिहिली: 1987, 1989, 1991, 1996, 1997, 1998, 2007, 2008. मुलींनी ती सामान्य ज्ञानाच्या नोट्ससारखी वहीत उतरवली आणि एकीनेही प्रश्न विचारला नाही.

आता मी 7 डिसेंबर 1974 पासून सुरू करते. प्रशिक्षक पॅट्रिशिया हेड, वय 22. पुढे त्याच पॅट समिट म्हणून ओळखल्या गेल्या. त्या एम.ए.सारखं पुढचं शिक्षण घेता घेता मदतनीस म्हणून आल्या होत्या. मुख्य प्रशिक्षक रजेवर गेल्या आणि अख्खा संघ यांच्या अंगावर पडला. पगार महिन्याला 250 डॉलर. व्हॅन स्वतः चालवायच्या, मुलींचे कपडे स्वतः धुवायच्या. ते कपडेही आधी डोनट विकून जमवलेल्या पैशातून आले होते. समोर मर्सर विद्यापीठाचा संघ आणि बघायला जेमतेम पन्नासेक माणसं. निकाल 84-83, टेनेसी एका गुणाने हरली.

इथे थांबा आणि विचारा, "दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला काय घेतलं असतं?" आमच्याकडे एक मुलगी पटकन म्हणाली, "मॅडम, फ्री थ्रो." मग अर्धा तास वाद रंगला. गोष्ट त्या वादातूनच मुलींची होते. एका गुणाने हरणं काय असतं ते त्यांना कॉलेजांच्या झोनल स्पर्धांमुळे चांगलं ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी सभागृहातली बाकं बाजूला सारा, मधोमध खडूने रेघ ओढा आणि सहा-सहाचा खेळ खेळवा. टेनेसीच्या शाळांमध्ये 1979 पर्यंत मुलींना असंच खेळावं लागे. बास्केट मारणाऱ्या तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात, अडवणाऱ्या तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, रेघ कुणीच ओलांडायची नाही. गार्डला कधीच बास्केट मारता यायची नाही. पाच मिनिटांत मुली चिडतात. चिडू द्या. मग सांगा की समिट हा नियम बदलावा म्हणून आग्रही होत्या, कारण विद्यापीठात येणाऱ्या मुलींना पूर्ण कोर्ट खेळायची सवयच नसायची.

याच दिवशी 1972 चा टायटल नाइन हा कायदा समजावून सांगा, पण दोनच वाक्यांत: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही. खेळही त्यातच आला. एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली ती मात्र दहा वर्षांनी, 1982 मध्ये. संघटनांची नावं आणि आद्याक्षरं यापेक्षा जास्त सांगू नका, मुलींचं लक्ष उडतं.

समिट यांच्या गुडघ्याची हकिकत मात्र सावकाश सांगा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी लिगामेंट तुटलं. नोकरी, शिकवणं आणि स्वतःचा अभ्यास सांभाळून त्यांनी गुडघा परत उभा केला. 1976 च्या ऑलिम्पिकमध्ये त्या खेळाडू म्हणून रौप्यपदक जिंकल्या आणि 1984 मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखाली अमेरिकेने सुवर्ण मिळवलं. माझ्या संघात दरवर्षी एक तरी मुलगी गुडघ्याला पट्टा बांधून बसलेली असते. हा भाग मी तिच्याकडे बघून सांगते.

पहिलं विजेतेपद 1987 मध्ये आलं, समिट यांच्या तेराव्या हंगामात. तेरा हा आकडा फळ्यावर मोठा लिहा. नंतर 1997 आणि 1998 शेजारी शेजारी मांडा. 1997 चा संघ दहा सामने हरूनही विजेता ठरला. पुढच्या हंगामात शमीक्वा होल्डस्क्लॉच्या जोडीला टमीका कॅचिंग्ज आणि समीका रँडल या नव्या मुली आल्या आणि टेनेसी 39 पैकी 39 जिंकली. मुलींना 39-0 आवडतं. मला दहा पराभवांचा हंगाम जास्त मोलाचा वाटतो आणि मी त्यांना तसं सांगतेही.

कनेटिकट विद्यापीठाच्या संघाशिवाय ही गोष्ट अपुरी राहते. जानेवारी 1995 मध्ये दोन्ही संघ पहिल्यांदा भिडले, कनेटिकटने 77-66 असा सामना मारला आणि त्याच वर्षी अंतिम सामन्यातही टेनेसीला हरवलं. त्या चुरशीमुळे मुलींचा खेळ घरोघरी टीव्हीवर बघितला जाऊ लागला. 2014 मध्ये कनेटिकटने नववं विजेतेपद घेऊन टेनेसीला मागे टाकलं, हेही लपवू नका.

पालक भेटायला आले तर त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. समिट यांच्या मुलींना वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावं लागे आणि तास बुडवायची सोय नव्हती. त्यांच्याकडे खेळाची सगळी वर्षं पूर्ण केलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. "खेळामुळे अभ्यास बुडतो" म्हणणाऱ्या एका वडिलांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मुलीला इंटरझोनलला पाठवायला तयार झाले.

शेवटचा भाग अवघड आहे. ऑगस्ट 2011 मध्ये समिट यांनी स्वतः जाहीर केलं की आपल्याला अल्झायमर झालाय. तरी तो हंगाम त्या संघासोबत राहिल्या, 2012 मध्ये पायउतार झाल्या. 1098 विजय आणि 208 पराभव, त्यात विजयांपेक्षा पराभव जास्त असा एकही हंगाम नाही. 28 जून 2016 ला त्या गेल्या, वय 64. त्यांच्या जागी आलेल्या हॉली वॉर्लिक आधी त्यांच्याच खेळाडू होत्या आणि नंतर अनेक वर्षं सहायक. 2008 नंतर विजेतेपद परत आलेलं नाही. हे सांगताना आवाज चढवू नका आणि आजाराचं वर्णनही नको. कुणाची आजी घरी तशीच विसरत असते आणि ती मुलगी तिथेच बसलेली असते. मागच्या वर्षी तशी एक होती. त्या दिवशी मी पुढचं काही सांगितलं नाही, सगळ्यांना कॅन्टीनमधून चहा मागवला.

गोष्टीच्या मध्येच पाऊस उघडला तर आहात तिथे सोडून द्या, 39-0 चालू असलं तरी. वायपरने कोर्टावरचं पाणी काढायला वीस मिनिटं लागतात, दोन्ही बोर्डांखाली एकेक पोतं अंथरावं लागतं. एसटीच्या आधी निदान रिबाऊंडचा एक ड्रिल होतो.