फुटपाथवरची पाणपोई लावताना

चैत्रात लागलेल्या बऱ्याच पाणपोया वैशाखात कोरड्या पडतात, कारण रोज पाणी कोणी भरायचं हेच ठरलेलं नसतं. म्हणून आधी सात वारांची सात माणसं ठरवा, रांजण त्यानंतर आणा.

दुपारनंतरचं ऊन पश्चिमेचं, तेव्हा इमारतीच्या पूर्वेकडची भिंत धरा. चालणाऱ्यांना सहा फूट वाट मोकळी राहत नसेल, तर ती जागा सोडा आणि एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी कोपरा मागा. वॉर्ड ऑफिसला आणि शेजारच्या दुकानदाराला आधी विचारलेलं बरं.

४० लिटरचा रांजण म्हणजे २०० मिलिलिटरचे २०० पेले. वर्दळीच्या नाक्यावर दोन रांजण ठेवा. भरलेला रांजण जड असतो, नुसत्या फरशीवर डुगडुगतो. विटांचा चौकोन रचून आत चार इंच वाळू भरा, त्यात बूड रुतवा आणि वाळू ओली ठेवा.

नवा रांजण दिवसभर भरून ठेवा, मग ते पाणी झाडाला घाला. आतून साबण कधीच लावू नका. माती तो शोषते आणि पाण्याला वास येतो. नारळाच्या शेंडीने घासणं पुरे. बाहेरून तेलरंगाने दात्यांची नावं रंगवणं ही तर फार मोठी चूक! छिद्रं बुजली की पाणी पाझरत नाही, आणि पाझरलेलं पाणी उडून जातं म्हणूनच तर आतलं गार होतं. नावं पाटीवर लिहा. पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हात रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळलं की पाणी आणखी गार होतं. मुंबईच्या दमट हवेत त्याचा उपयोग थोडाच, तिथे वारा खेळेल अशी जागा महत्त्वाची.

तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाण्याची खात्री नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरच्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं तरी घाईत कोणीतरी पेलाच बुडवतो, म्हणून तोटीचा रांजण घ्या. तोटीखाली पेला सहज मावला पाहिजे. तोंडावर घट्ट झाकण हवं, नुसतं फडकं नको.

तोटीखालची बादली रोज रिकामी करा. रांजण आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून, घासून, उन्हात वाळवा. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. बादलीतलं पाणी जवळच्या झाडाला घाला. एक पसरट कुंडी जमिनीवर भटक्या कुत्र्यांसाठी भरून ठेवा, तीही रोज धुवा.

पहिला पाऊस झाला की रांजण कोरडा करून पालथा घाला.