हस्कीचं नाव ठेवताय? मग या चुका टाळा

माझ्या घरात बऱ्याच वर्षांपासून हस्की आहेत, त्यामुळे ओळखीपाळखीतून लोक आपापली कुत्री घेऊन येतात. तक्रार बहुतेकांची एकच असते: "हाक मारली तरी ढिम्म!" मी आधी नाव विचारतो. दुखणं बऱ्याचदा तिथेच सापडतं. नाव दिसायला देखणं असतं, नर-मादी दोघांना चालणारं असतं, फोटोखाली लिहायला झकास असतं. फक्त पळत सुटलेल्या कुत्र्याच्या पाठीमागून ते एकदाही ओरडून बघितलेलं नसतं.

सैबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी ही जात वाढवली, तीच मुळी हलक्या ओझ्याची स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, लांबच्या लांब ओढत नेण्यासाठी. धावणं हस्कीच्या रक्तातच आहे. पट्टा सुटला की ती आधी धावते, मागे वळून बघायचं की नाही ते नंतर ठरवते. लॅब्रडॉरला कसलंही नाव ठेवा, खाऊच्या आशेने तो परत येईल. हस्कीच्या बाबतीत ही खात्री मी कुणालाच देत नाही. म्हणून नावाच्या बाबतीत मी हट्टी आहे.

दिवसभर कानावर पडणाऱ्या शब्दासारखं नाव

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, आणि तिचं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे "स्काय". निळ्या डोळ्यांना शोभतं, छोटं आहे, मुलगा-मुलगी असा प्रश्न येत नाही. पण मराठी घरात "काय" शिवाय वाक्य निघतं का? काय झालं, काय रे, काय करतेस, काय शोधतोयस. लांबून हाक मारली की सुरुवातीचा "स्" हवेत विरतो आणि कुत्र्याच्या कानापर्यंत पोचतो तो "काय"च.

एका कुटुंबाकडे साधारण वर्षाची मादी होती, स्काय नावाची. दाराची कडी वाजली की आतल्या खोलीतून धावत यायची, पण नावाला कानसुद्धा हलवायची नाही. बहिरी असेल म्हणून डॉक्टरांकडे नेऊन झालं, कान ठणठणीत. मग एका संध्याकाळी पट्ट्याची कडी निसटली आणि ती मोकळ्या मैदानातून थेट रस्त्याच्या दिशेने निघाली. मागे घरातली तीन माणसं "स्काय! स्काय!" ओरडत पळत होती. लोक मागे पळतायत म्हटल्यावर तिला तो खेळच वाटला, तिने वेग वाढवला. शेवटी धाकट्या मुलाने रडत रडत उलट दिशेला पळायला सुरुवात केली, तेव्हा ती थबकली, वळली आणि त्याच्या मागे लागली. हस्कीला पाठलाग करायला आवडतं, म्हणून त्या दिवशी निभावलं. नावाचा त्यात काडीचा उपयोग झाला नव्हता.

त्यानंतर त्यांनी मला बोलावलं. मी काही न करता नुसता बसून बघत राहिलो. घरचे बोलत होते, ती पायाशी पसरली होती. पहिल्या एक-दोन "काय"ला तिचा डावा कान जरासा फिरला. पुढच्याला तेवढाही नाही. मग तिने डोळे मिटून घेतले. त्या आवाजानंतर आपल्यासाठी काहीच घडत नाही, हे ती कित्येक महिन्यांपूर्वीच शिकली होती. आम्ही तिचं नाव "तैगा" केलं. सैबेरियातल्या सूचिपर्णी जंगलांना तैगा म्हणतात, आणि त्या घरात कुणाच्याच तोंडी तसा दुसरा शब्द नव्हता.

याच जातीची आणखी काही नावं सांगतो. "निको" आणि "नको". "एको" आणि "ऐक". "कोडा" आणि "सोड". "बॉस" आणि "बस". "रे" आणि आपलं रोजचं "अरे". "स्नो" तर दुहेरी घोटाळा आहे: घरात दटावायला "नो" वापरत असाल तर बिचाऱ्या पिल्लाला प्रत्येक वेळी हाक मारली की दटावलं हेच कळत नाही. मग लोक मला सांगतात, आमची हस्की फार हट्टी आहे. हट्टी असतेच, पण इथे तिचा दोष नाही.

माझी सवय अशी: नाव पक्कं करण्याआधी एक कागद फ्रिजवर लावायचा आणि कुत्र्याशी बोलताना घरातले जे शब्द वापरतात किंवा वापरणार आहेत ते सगळे त्यावर लिहायचे. नको, बस, ये, सोड, थांब, चल, नो, खाली. मग नाव आणि त्यातला एकेक शब्द लागोपाठ मोठ्याने म्हणायचा. जीभ एकाच जागी लागली किंवा शेवटचा स्वर तोच आला, तर नाव कितीही आवडलेलं असो, बाद. पुढे हस्कीबरोबर स्लेज, सायकल किंवा कमरेला दोर बांधून पळण्याचा बेत असेल तर त्या खेळातल्या आज्ञाही कागदावर हव्यात: "जी" म्हणजे उजवीकडे, "हॉ" म्हणजे डावीकडे, "हाइक" म्हणजे चला, "व्होआ" म्हणजे थांबा. जीजी, हॉक, स्पाइक ही नावं मग आपोआप गळतात.

पिल्लाचं रूप बघून नाव

दोन महिन्यांच्या पिल्लाच्या तोंडावरचा काळा मुखवटा बघून "शॅडो" ठेवतात. मोठं होता होता तो मुखवटा अनेकदा फिकट होतो, कधी जवळपास पुसला जातो. अंगावरचा काळा रंगही पिल्लाची लोकर झडल्यावर करडा किंवा तांबूस होऊ शकतो. डोळ्यांचंही तेच. पिल्लांचे डोळे पहिल्यांदा उघडतात तेव्हा ते निळसरच दिसतात. हस्कीचे पुढे निळेच राहतील, तपकिरी होतील, की एक निळा आणि एक तपकिरी, हे कळायला काही आठवडे जावे लागतात. तिन्ही प्रकार या जातीत अगदी रास्त मानले जातात. आणि "टायनी" म्हणून हाक मारलेली मादी 16 ते 23 किलोंची होते, नर 20 ते 27 किलोंचा. रंगावरूनच नाव हवं असेल तर पिल्लू घरी येऊन थोडं स्थिरावू द्या. तेवढा धीर नसेल तर रंगाचा नाद सोडा.

"कूल" वाटलं म्हणून नकाशावरून उचललेलं नाव

थंड प्रदेशातल्या नद्या-डोंगरांची नावं मला स्वतःला आवडतात. ती बाईची की पुरुषाची हा प्रश्नच उठत नाही. युकॉन चांगलं आहे, टुंड्रा चांगलं आहे, अनादिर तर हस्कीच्या माहेरची, चुकोटकातली नदी. पण उचलण्याआधी पाच मिनिटं वाचा. "कोलिमा" ऐकायला किती गोड! स्टालिनच्या काळात त्याच भागात सक्तमजुरीच्या छावण्या होत्या आणि तिथे असंख्य कैदी मेले. हे कळल्यावर ते नाव कुणी लाडाने घेऊ शकेल असं मला वाटत नाही.

1925 साली घटसर्पावरचं प्रतिविष (सीरम) कुत्र्यांच्या स्लेजवरून अलास्कातल्या नोम गावी पोचवलं गेलं, ती धाव बहुतेक हस्कीप्रेमींना माहीत असते. त्यातले दोन म्होरके कुत्रे टोगो आणि बाल्टो. एकाचं नाव जपानी नौसेनापतीवरून, दुसऱ्याचं सामी जमातीतल्या एका ध्रुवीय प्रवाशावरून. मला त्यांच्यात आवडतं ते वेगळंच: दोन अक्षरं, सुरुवातीला ठसठशीत व्यंजन, शेवटी उघडा स्वर. वाऱ्यात ओरडता येईल असं. तुमचं नाव असं बसतंय का बघा. साशा, मिका ही नर-मादी दोघांनाही चालणारी नावं या कसोटीला उतरतात.

घरात त्याचं काय होणार, याचा विचार न करणं

लिंगनिरपेक्ष नाव हौसेने निवडतात आणि आठवड्याभरात "स्टॉर्म"चा "स्टॉर्म्या" होतो. मादी असली तर तिला कुणी "स्टॉर्मी" करतं. आपल्या जिभेला "या" आणि "ई" लावल्याशिवाय लाड केल्यासारखं वाटत नाही. यात वाईट काही नाही, पण आजोबा एक, मुलं दुसरं आणि तुम्ही तिसरंच म्हणत असाल तर कुत्र्याला तीन नावं शिकावी लागतात. आधीच लाडाचं रूप काढून बघा आणि तेच सगळ्यांनी वापरा.

मराठीच नाव हवं असणाऱ्यांना मी नपुंसकलिंगी शब्द सुचवतो. वादळ, आभाळ, दव, धुकं. "ते वादळ आलं" म्हणायची भाषेलाच सवय आहे, तो की ती हा घोळ नाही. यातलं "वादळ" मला सर्वांत जास्त आवडतं. "वा" हवा तेवढा लांबवता येतो. ब्रीडरकडून नर मिळेल की मादी हे ठरायच्या आधीच नाव ठरवणाऱ्यांनाही हे शब्द सोयीचे पडतात.

नाव घेऊन ओरडणं

नवखी माणसं इथे फार घाई करतात. पिल्लू घरात येऊन दोन दिवस होतात ना होतात, तोवर चपला चावल्या म्हणून नाव, गादी ओली केली म्हणून नाव, नखं कापायची म्हणूनही नावच. वर एका दमात पाच-सहा वेळा. पिल्लू यातून दोन गोष्टी शिकतं: नाव ऐकू आलं की काहीतरी वाईट होतं, आणि पहिल्या हाकेला जायची गरज नाही, कारण पुढे अजून चार येणारच आहेत. असं बिघडवलेलं चांगलं नाव दुरुस्त करायला वाईट नाव बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

माझ्याकडे पहिले काही आठवडे नाव फक्त चांगल्याच गोष्टीसाठी घेतलं जातं. एकदा म्हणायचं. पिल्लाने बघितलं की लगेच खाऊचा कण. नाही बघितलं तर पुन्हा हाक नाही. दोन पावलं जवळ जायचं, थोडं थांबायचं, मग एकदाच म्हणायचं. दटावायचं असेल तर "अंहं" पुरतं. ज्यांना याचा कंटाळा येतो ते शिट्टी किंवा रिमोटचा पट्टा विकत घ्यायला निघतात. रिमोटच्या पट्ट्याला माझा साफ विरोध आहे. नाव शिकवायचे कष्ट टाळून कुत्र्याच्या मानेला झटके देणं मला पटत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

घरातल्या दोन कुत्र्यांना मिका-निका अशी यमकातली नावं नकोत. एकीला बोलावलं की दोघी येतात, किंवा एकही नाही.

चार-पाच अक्षरी भारदस्त नाव कागदपत्रांवर खुशाल असू दे, हाकेला दोनच अक्षरं ठेवा.

दर आठवड्याला नवीन नाव "करून बघू" नका.

घरातलं सगळ्यात लहान मूल आणि सगळ्यात म्हातारं माणूस, दोघांनाही नाव स्पष्ट म्हणता आलं पाहिजे.

नाव आधीच चुकलं असेल तर

बदला. मोठ्या कुत्र्याचं नाव बदलता येत नाही ही समजूत खोटी आहे. फक्त क्रम उलटा करू नका. बहुतेक जण जुनं नाव घेऊन कुत्र्याचं लक्ष वेधतात आणि मग नवीन म्हणतात. नवीन आधी, लगेच जुनं, मग खाऊ. तैगाचंही असंच केलं: "तैगा, स्काय", आणि खाऊ. नव्या नावापाठोपाठ ओळखीचं काहीतरी येतं हे तिला समजलं, तशी ती पहिल्याच शब्दाला मान वळवू लागली. मग जुनं नाव गाळलं. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही ते घेऊ नका म्हणून बजावलं.

पट्ट्यावरचा बिल्ला त्याच दिवशी बदला आणि मायक्रोचिपच्या (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपच्या) नोंदीतही नवीन नाव टाका. हस्की अनोळखी माणसाकडेही सहज जाते, आणि ती ज्याला सापडेल तो बिल्ल्यावर लिहिलेल्या नावानेच तिला हाक मारणार आहे.