फिलिपिन्सचा पोलीसप्रमुख सिनेटर होतो तेव्हा त्याचं करिअर वाचायचं कसं

फिलिपिन्सच्या बातम्या फॉलो करायला लागलात की एक प्रकार हमखास दिसतो, कालपरवापर्यंत पोलीसदलाचा बॉस असलेला माणूस आज सिनेटमध्ये बसून बजेटवर बोलतोय. पान्फिलो लॅक्सन उर्फ पिंग, रोनाल्ड देला रोसा उर्फ बाटो, त्याआधी राजधानी मनिलाचे पोलीस अधिकारी आणि मग मेयर राहिलेले आल्फ्रेडो लिम. यांची पदांची यादी वाचून डोक्यात काही शिरत नाही, म्हणून मी कशी वाचते ते सांगते.

पहिलं म्हणजे सुरुवात पोलिसांपासून करूच नका, बागिओच्या मिलिटरी अकॅडमीपासून करा. लॅक्सन १९७१ची बॅच, देला रोसा १९८६ची. आत्ताचं राष्ट्रीय पोलीसदल १९९१ साली उभं राहिलं, त्याआधी कॉन्स्टॅब्युलरी म्हणजे निमलष्करी पोलीस होते आणि ते लष्कराचाच भाग होते, त्यामुळे लॅक्सन यांची सुरुवातीची वर्षं हुकूमशहा मार्कोसच्या मार्शल लॉमध्ये, मेट्रोकॉमच्या (कॉन्स्टॅब्युलरीच्या मनिला विभागाच्या) इंटेलिजन्स युनिटमध्ये गेली, ज्या युनिटवर छळाचे आरोप आजही होतात. ‘प्रामाणिक पोलीस ऑफिसर’ असं कुठे वाचलंत तर हा भाग गाळलाय का ते आधी बघायचं.

मग गॉडफादर शोधायचा. हे सोपं असतं, कारण तिथे लपवत कोणी नाही. १९९२ला एस्ट्राडा उपराष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्याकडे गुन्हेगारीविरोधी आयोग आला, त्यातली किडनॅपिंगवाल्यांच्या मागे लागणारी टास्क फोर्स लॅक्सनकडे. एस्ट्राडा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर नोव्हेंबर १९९९मध्ये लॅक्सन पोलीसप्रमुख. जानेवारी २००१मध्ये लोक रस्त्यावर उतरले, एस्ट्राडा गेले, लॅक्सनही गेले आणि मे महिन्यात हा माणूस सिनेटवर निवडून आला पण! देला रोसांचं तेच, फक्त साहेब दुतेर्ते, आधी दावाओचे मेयर आणि २०१६ला राष्ट्राध्यक्ष झालेले. दावाओ शहराचे पोलीसप्रमुख, मग जुलै २०१६मध्ये सीनियर लोकांना ओलांडून थेट देशाचे, एप्रिल २०१८ला रिटायर, काही महिने तुरुंग खात्यात आणि मे २०१९मध्ये सिनेटर. खुर्ची सोडल्यापासून मतदानापर्यंत किती महिने गेले ते नेहमी मोजा, लॅक्सनच्या बाबतीत चारेक, देला रोसांच्या बाबतीत तेरा. नाव लोकांच्या तोंडात असेपर्यंतच हे जमतं.

आता मुख्य गोष्ट, जी समजली नाही तर बाकी सगळं चुकीचं वाचाल. फिलिपिन्सचं सिनेट आपल्या राज्यसभेसारखं आमदारांच्या मतांवर नाही चालत आणि मतदारसंघ वगैरेही नाहीत, अख्खा देश एकच मतदारसंघ. २४ जागा, दर तीन वर्षांनी त्यातल्या १२ भरतात, आणि प्रत्येक मतदार एकाच वेळी १२ जणांना मत देऊ शकतो. २०२५ला ६६ उमेदवार होते, लांबलचक कागद, आडनावाच्या क्रमाने नावं, सोबत टोपणनाव, शेजारचा गोल पेनने भरायचा. पहिली चारपाच नावं माणूस मनापासून भरतो, पुढची ओळखीची दिसली म्हणून. तर ज्याचा चेहरा रोज टीव्हीवर होता त्याला आठव्या-दहाव्या नंबरची मतं आरामात मिळतात.

हे खोटं वाटत असेल तर लॅक्सनचेच आकडे शेजारी ठेवा. राष्ट्राध्यक्षपदाला एकच मत असतं, तिथे २००४ला त्यांना साधारण ३५ लाख मतं, २०२२ला तर ९ लाखांच्याही आत, पाचवा नंबर. आणि तीनच वर्षांनी सिनेटला दीड कोटीच्या वर! माणूस तोच, देश तोच, फक्त कागदावर एकाऐवजी बारा गोल. लिमसुद्धा १९९८ला राष्ट्राध्यक्षपदाला पाचवेच आले होते, २००४ला सिनेटवर निवडून आले. त्यामुळे ‘एवढ्या कोटी लोकांचा पाठिंबा’ अशी हेडलाइन दिसली की आधी विचारायचं, कुठल्या निवडणुकीत? या पोलीसवाल्यांतून राष्ट्राध्यक्ष झाले ते एकटे फिडेल रामोस, १९९२ला, जेमतेम २४ टक्के मतांवर, आणि त्यांच्यामागे कॉन्स्टॅब्युलरीच्या प्रमुखपदापेक्षा १९८६ला मार्कोसची साथ सोडल्याचं पुण्य जास्त होतं.

यानंतर केसेस. इथे घाई करू नका. प्रत्येक केसच्या तीन तारखा वेगळ्या लिहून काढा, घटना कधी, आरोप कधी, निकाल कधी, आणि प्रत्येक तारखेसमोर तेव्हा सत्तेत कोण होतं ते. उदाहरणार्थ लॅक्सनवरची पहिली केस, १८ मे १९९५, क्वेझॉन सिटीचा कॉमनवेल्थ अॅव्हेन्यू, कुराटोंग बालेलेंग टोळीचे ११ जण पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. पोलीस म्हणाले चकमक, बाकीचे म्हणाले पकडून मारलं. केस २००३ला कोर्टाने काढून टाकली, सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला २०१२ला. दुसरी केस नोव्हेंबर २०००मधल्या पीआरवाल्या डासेर आणि त्यांच्या ड्रायव्हरच्या खुनाची. त्यात लॅक्सनवर आरोप दाखल झाला जानेवारी २०१०मध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आरोयो सत्तेत असताना, ज्यांच्या नवऱ्यावर लॅक्सननी २००३मध्ये गुप्त बँक खात्यांचे आरोप केले होते. लॅक्सन देश सोडून गेले, सिनेटर फरार, कोर्ट ऑफ अपील्सने फेब्रुवारी २०११मध्ये आरोप रद्द केल्यावर पुढच्या महिन्यात परत आले. समर्थक म्हणतात सूड, विरोधक म्हणतात पळपुटा. माझं मत विचाराल तर कायदा करणाऱ्याने वॉरंटपासून वर्षभर लपून बसणं शोभत नाही, आरोप खोटे असले तरी.

देला रोसांच्या बाबतीत एका केसवर भागत नाही. ड्रग्जविरोधी मोहीम त्यांच्याच काळात सुरू झाली, पोलिसांच्या स्वतःच्या आकड्यांत दुतेर्तेंच्या कारकिर्दीत ६ हजारांहून जास्त माणसं मेली. ऑक्टोबर २०१६मध्ये तर पोलिसांनीच एका कोरियन बिझनेसमनला उचललं आणि पोलीस हेडक्वार्टर कॅम्प क्रामेच्या आवारातच मारलं, जानेवारीत भांडं फुटल्यावर देला रोसांनी राजीनामा देऊ केला, दुतेर्तेंनी घेतला नाही. ११ मार्च २०२५ला दुतेर्तेंना हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयासाठी अटक झाली आणि दोन महिन्यांनी देला रोसा सिनेटला तिसऱ्या नंबरने जिंकले, लॅक्सन सातवे. म्हणजे केसमुळे मतं जातात हे गणित तिथे लावू नका, कधीकधी उलटंच होतं.

शेवटी प्रमुख असतानाची शिस्त आणि नंतरचं काम जुळतंय का बघायचं. लॅक्सननी पोलिसांची कंबर ३४ इंचांच्या आत आणा असा हुकूम काढला होता, ट्रकवाल्यांकडून हप्ते घेणाऱ्यांवर तुटून पडले होते आणि सिनेटर झाल्यावर आपल्या वाट्याचा पोर्क बॅरल फंड (आपल्या खासदार निधीसारखा) नाकारला, इथे धागा लागतो. तसाच तो २०२०च्या दहशतवादविरोधी कायद्यापर्यंतही लागतो, जो त्यांनी पुढे रेटला आणि ज्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिकांचा ढीग पडला. लिम मेयर असताना ड्रग्जवाल्यांच्या घरांवर स्प्रेपेंटने तसं लिहवून घ्यायचे, मनिलाच्या एर्मिता भागातले बार बंद पाडले, आणि त्यासाठी केलेला शहराचा नियम सुप्रीम कोर्टाने २००५ला रद्द ठरवला. पोलिसी हिसका कायद्यात बसवायला गेलं की कोर्टात काय होतं ते यांच्याकडे बघून कळतं.

आणि पुढच्या वेळी यातलं कोणी राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहिलं की लगेच मोठा अर्थ काढू नका, आधी सिनेटची टर्म किती उरलीये ते बघा. तिथे फॉर्म भरला म्हणून जागा जात नाही, २००४ला लॅक्सन हरले आणि परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले, २००७पर्यंतची टर्म होतीच. २०२५ला जिंकलेल्यांची टर्म २०३१पर्यंत आहे आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक २०२८ला.