आळीपाळीने चराई: कुरणाची आखणी कशी करावी

चरून झालेलं गवत पुन्हा फुटतं ते उरलेल्या पानांच्या आणि बुंध्यात साठलेल्या अन्नाच्या बळावर. जनावर मात्र नेमकी कोवळी फूटच आधी ओरबाडतं. असं वारंवार झालं की मुळं आखडतात, चांगलं गवत मरतं आणि मोकळ्या जागेत तण माजतं. म्हणून जनावरं किती पोसायची याआधी गवताला विसावा किती द्यायचा, हे ठरवा. त्यासाठी कुरणाचे कुंपणाने भाग, म्हणजे कप्पे, पाडायचे आणि जनावरं आळीपाळीने एकेका कप्प्यात चारायची.

पहिलं काम चारा मोजण्याचं. कुरणात तीन-चार ठिकाणी १ चौरस मीटरमधलं गवत जमिनीलगत कापा, कडकडीत वाळवा आणि सरासरी वजन काढा. समजा, ते २०० ग्रॅम भरलं. यातलं निम्मंच जनावरांचं, निम्मं गवतासाठी राखायचं. म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम. ४०० किलोच्या गायीला रोज वजनाच्या साधारण २.५ टक्के, म्हणजे १० किलो कोरडा चारा लागतो. १० गायींना ३ दिवसांसाठी ३०० किलो हवा, तर कप्पा ३,००० चौरस मीटरचा.

एका कप्प्यात ३ दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. जोमाच्या वाढीत तेवढ्यात नवी फूट येते आणि तीच पुन्हा खाल्ली जाते.

कप्प्यांची संख्या काढायला विसाव्याच्या दिवसांना चराईच्या दिवसांनी भागून १ मिळवा. ३० दिवस विसावा, ३ दिवस चराई, तर ११ कप्पे. पण कॅलेंडरपेक्षा गवताकडे बघा. उभं वाढणारं गवत २०-२५ सेंटीमीटर झालं की जनावरं आत सोडा, ८-१० सेंटीमीटर उरलं की बाहेर काढा. पसरट गवताला याहून कमी उंची चालते.

सगळ्यात मोठी चूक कोरड्या काळात होते. चारा कमी पडतो म्हणून जनावरं भराभर पुढच्या कप्प्यात नेली जातात. वाढ मंदावली की विसावा ६० ते ९० दिवसांपर्यंत वाढायला हवा. इथे तो उलट घटतो आणि एकामागून एक सगळे कप्पे उघडे पडतात. अशा वेळी जनावरं एकाच कप्प्यात थांबवून साठवलेला चारा घाला. तो कप्पा खराब होईल, बाकीचे वाचतील. चारा पुरणारच नसेल, तर काही जनावरं वेळीच विका. ती खंगल्यावर विकण्यात दुहेरी तोटा आहे.

कप्प्यांच्या कुंपणाला झटका मशीन, म्हणजे तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र, वापरा. गायींना सुमारे ८० सेंटीमीटर उंचीवर त्याची एक तार पुरते, शेळ्या-मेंढ्यांना तीन-चार लागतात. झटका लागत नसेल तर आधी अर्थिंग, म्हणजे मशीनची जमिनीशी केलेली जोडणी, तपासा. माती कोरडी पडली की झटका मंदावतो. तारेला टेकलेलं गवतही कापा.

प्रत्येक कप्प्यात पाणी हवंच. गायीला दिवसाला ४० ते ६० लिटर लागतं, उन्हाळ्यात आणि दुभतीला त्याहून जास्त. पाणी एकाच टोकाला असेल तर तिथली जमीन खुरांनी घट्ट होते आणि शेणही तिथेच साचतं.

शेळ्या-मेंढ्यांना गवत फार खालपर्यंत खाऊ देऊ नका. जंतांच्या अळ्या बहुतेक खालच्या ५ सेंटीमीटरमध्येच असतात. कप्प्यात कोवळा, ओला द्विदल चारा (लसूणघास, बरसीमसारखा) जास्त असेल तर पोटफुगीचा धोका असतो. आधी वाळलेलं गवत पोटभर घाला, दव सुकू द्या, मगच सोडा. डावी कूस फुगलेली दिसली तर जनावर लगेच बाहेर काढून पशुवैद्याला बोलवा.