३५ टक्क्यांवर बंद पडणारा, मंदावलेला फोन: माझा अनुभव

चार वर्षं वापरलेला अँड्रॉइड फोन. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला फोटो काढायला कॅमेरा उघडला, की ३५ टक्के चार्ज असतानाच बंद. चार्जर लावून सुरू केला की पुन्हा तीसेक टक्के दाखवायचा. एरवीही स्क्रीन अडकत चालायची.

स्टोरेज रिकामं केलं, चार्जर बदलला, फॅक्टरी रिसेटही केला. फरक शून्य. ऐन बोली चालू असताना फोन गेला की अगदी रडकुंडीला यायचो.

दोष बॅटरीचा होता. लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते आणि तिचा अंतर्गत रोध (आतून वीज वाहायला होणारा अडथळा) वाढतो. कॅमेरा एकदम जास्त वीज ओढतो, व्होल्टेज कोसळतं, फोन बंद. हे टाळायला काही फोन प्रोसेसरचा वेगच कमी करतात.

बॅटरी बदलायचं ठरवलं. आधी बॅकअप घेतला. चार्ज २५ टक्क्यांखाली आणून फोन बंद केला. विश्रामबागेतल्या दुरुस्तीवाल्याने झाकण उघडल्यावर जुन्या बॅटरीवरचा मॉडेल क्रमांक नवीशी अक्षरन् अक्षर जुळवला. नवीची उत्पादन तारीखही पाहिली, कारण बॅटरी नुसती पडून राहूनही झिजते. बसवल्यावर सलग १०० टक्के चार्ज केली. मग २० टक्क्यांवर आल्यावर दहा मिनिटं व्हिडिओ काढला. बंद पडला नाही, स्क्रीनही अडकली नाही.

झाकण फुगलेलं दिसलं तर मात्र चार्जिंग लगेच थांबवा आणि बॅटरी स्वतः उचकटू नका.