नाकाबंदी, जप्ती आणि परक्या गाडीचं चलान: दुचाकीवाल्याने काय जवळ ठेवावं, काय मागून घ्यावं

सोनसाखळी चोर सहसा स्वतःच्या नावावरची गाडी घेऊन येत नाही. गाडी चोरीची असते, नाहीतर तिच्यावर दुसऱ्याचा नंबर चिकटवलेला असतो. पोलिसांच्या हाती लागतो तो सीसीटीव्हीतला नंबर, आणि नंबरावरून निघतं ते 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीतलं नाव. ते नाव तुमचं असेल तर पहिला फोन तुम्हालाच येणार. यात पोलिसांचं काही चुकत नाही. तपास तिथूनच सुरू होतो. म्हणून नाव, नंबर आणि गाडी या तिन्हींचा मेळ कागदावर कायम बसलेला ठेवायचा. नाकाबंदीवरची हुज्जत नंतरची गोष्ट.

गाडी विकताना

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कोऱ्या टीटी (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या) फॉर्मवर सही करून गाडी एजंटाच्या हवाली करायची आणि विसरून जायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार, गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नावावर करून घ्यायचं. फॉर्म 29 आणि 30 भरा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेच्या एनओसीसोबत फॉर्म 35 देऊन तो आधी उतरवा. अधिकृत डीलरला गाडी देत असाल तर फॉर्म 29सी ची (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची) ऑनलाइन नोंद झाल्याशिवाय चावी देऊ नका.

चावी देताना एक ताबा पावती करा. तिच्यावर तारीख, घड्याळातली वेळ, मीटरचं रीडिंग, चासी नंबर, घेणाऱ्याची सही आणि त्याच्या आधारची प्रत हवी. वेळ लिहायला हमखास विसरतात, आणि संध्याकाळी साडेसातच्या गुन्ह्यात कामाला येते ती वेळच. पण या पावतीला मर्यादा आहे. अपघाताची भरपाई द्यायची वेळ आली तर नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. पावती फौजदारी तपासात तुम्हाला बाजूला काढते, भरपाईतून नाही.

जुनी गाडी घेताना

बऱ्याच मोटरसायकलींचा चासी नंबर हँडलच्या मानेवर उजव्या बाजूला ठोकलेला असतो. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, रॉकेलच्या फडक्याने चिखल पुसा आणि टॉर्च तिरपा धरा. सरळ उजेडात खाडाखोड दिसत नाही, तिरप्या उजेडात ग्राइंडरचे ओरखडे उठून दिसतात. मग आरटीओत काढतात तशी प्रिंट घ्या: नंबरावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासायची. अक्षरं एका रेषेत आणि सारख्या खोलीची उमटली पाहिजेत. एकूण 17 अक्षरं-आकडे असतात आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत. त्यातलं एखादं दिसलं तर तिथूनच परत फिरा. बाकी गाडी धुळकट आणि नेमका तेवढाच भाग ताज्या रंगाचा असेल, तरीही. स्कूटरला नंबरची जागा मॉडेलप्रमाणे बदलते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर गाडी चोरीच्या यादीत आहे का तेही तपासता येतं. निकालाची प्रिंट काढून ठेवा. 'कागद नंतर देतो' म्हणत निम्म्या भावात मिळणारी गाडी घेतली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 317 लागू शकतं. माल चोरीचा आहे असं मानायला पुरेसं कारण होतं, एवढंही त्या कलमाला पुरतं.

नंबरप्लेट

1 एप्रिल 2019 पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट कंपनीतूनच येते. जुन्या दुचाकीला महाराष्ट्रात ती 450 रुपये अधिक जीएसटीत बसते. मागची प्लेट 200 गुणिले 100 मिलिमीटरची, डाव्या अंगाला अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला क्रमांक. ती स्नॅप लॉकने बसवतात, काढायची तर लॉक तोडावंच लागतं. बसवणाऱ्याने साधे स्क्रू मारले असतील तर परत पाठवा, कारण प्लेटचा अर्धा उपयोग त्या लॉकमध्ये आहे.

  

नाकाबंदीवर

गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवायलाच हवं, मोटार वाहन कायद्याचं कलम 130 तसं सांगतं. कागद घरी असले तरी चालतं: केंद्रीय मोटार वाहन नियम 139 प्रमाणे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली प्रत ग्राह्य आहे. फक्त गॅलरीतला आरसीचा फोटो पुढे करू नका. तो नुसता फोटो, इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज नव्हे. नाक्यावर नेट नसतं, तेव्हा ॲप घरीच उघडून ठेवा.

गाडी बंद करा, हेल्मेटची काच वर करा, चावी आपल्या हातात ठेवा. ती हिसकावून घेण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही. लायसन्स ठेवून घेतलं तर कलम 206 खालची पोच मागा, लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पोचीवर तारीख घातली असेल तर त्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तोवर, तिच्यावर गाडी चालवता येते.

गाडी उचलली तर

पहिला प्रश्न एकच विचारायचा: कोणत्या कलमाखाली? उत्तरावरून पुढची वाट ठरते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 207 खाली असेल तर त्याची कारणं मोजकी आहेत. दुचाकीच्या बाबतीत मुख्यतः तीन: लायसन्स नाही, वय बसत नाही, नोंदणी नाही. हेल्मेट, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, थकलेलं चलान हे त्या कलमात नाही. सायलेन्सर बदलल्याचा दंड मालकाला कलम 182ए खाली प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपये आहे, कैदही होऊ शकते. पण ती शिक्षा आहे, गाडी अडकवायची परवानगी नव्हे. लायसन्स नाही, एवढीच अडचण असेल तर गाडीऐवजी आरसी ठेवून पोच देण्याची मुभा त्याच कलमात आहे. हे शांतपणे सांगा, बऱ्याचदा पुरतं. दारू पिऊन चालवत असाल तर मात्र हे काही लागू नाही.

गाडी गुन्ह्यातली असल्याच्या संशयावरून घेतली असेल तर ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली, मुद्देमाल म्हणून. मग दंड भरून सुटत नाही. पंचनाम्याची प्रत मागा आणि सही करण्याआधी त्यात मीटरचं रीडिंग, बॅटरी, दोन्ही आरसे, टायरची अवस्था आणि पेट्रोल लिहिलं आहे का पाहा. नसेल तर लिहायला लावा. सहा महिन्यांनी बॅटरी गायब निघाली तर दाखवायला दुसरं काही नसतं. कलम 105 प्रमाणे जप्तीचं चित्रीकरणही व्हायला हवं.

मग प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्तनाम्यावर (खटला संपेपर्यंत हमी देऊन) ताबा मिळण्यासाठी अर्ज करा, टप्प्याप्रमाणे कलम 497 किंवा 503 खाली. सोबत आरसी, विमा, आधार, पंचनाम्याची प्रत आणि गाडी विकणार नाही, रंग-रूप बदलणार नाही, बोलावल्यावर हजर करीन असं प्रतिज्ञापत्र. न्यायालय पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं आणि किमतीच्या हिशेबाने बंधपत्र घेतं. ठाण्याच्या आवारात गाड्या सडवण्यात अर्थ नाही, फोटो आणि पंचनामा करून त्या सोडाव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002 मध्येच सांगितलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा. विमा संपलेला असेल तर आधी उतरवा, बहुतेक अर्ज तिथेच अडतात.

परक्या गाडीचं चलान

तुमच्या नंबरावर दुसरीच गाडी फिरत असेल तर ई-चलानच्या फोटोत ती दिसते. रंग, टायरच्या रिमची नक्षी, मडगार्ड, आरसे, मागच्या दिव्याचा आकार ताडा. त्याच कोनातून आपल्या गाडीचा फोटो काढा आणि दोन्ही जोडून महाट्रॅफिक या महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्या वेळी तुम्ही कुठे होतात त्याचा पुरावा (कामावरची हजेरी, फास्टॅग नव्हे, दुचाकीला तो नसतो) असेल तर तोही द्या.

पाचशेचं चलान म्हणून वैतागून भरून टाकू नका. भरलं म्हणजे तिथे गाडी तुमचीच होती हे कबूल केलं, आणि उद्या तोच नंबर साखळीचोरीत निघाला तर ती पावती तुमच्या विरोधात वाचली जाईल. ऑनलाइन तक्रारीवर न थांबता जवळच्या ठाण्यात लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि ती प्रत चलान रद्द झाल्यावरही फाडू नका.